चटईला चटई लावून

तुवालूतल्या फुनाफुटीच्या विमानतळावर सिकेली एकेका प्रवाशाला सामानासकट वजनकाट्यावर उभं करत होता. रांगेत किरिबातीच्या मत्स्यखात्यातल्या रुतिआनाबाई होत्या, आणि त्यांना पोचवायला आलेली इथल्या मत्स्यखात्यातली लोतोआला. सिकेलीचे डोळे काट्यावर होते, कान त्या दोघींकडे.

“काय गं, करारावर सही करताना त्या जहाजवाल्या साहेबाचं तोंड बघितलंस?”

“बघितलं ना! परवा मला एकटीला गाठून म्हणतो, किरिबातीनं निम्म्या दरात ट्यूना धरायला परवानगी दिली, आता तुवालूच मागे राहणार.”

“आणि मला सांगतो, तुवालू निम्म्यावर आलं! बैठकीला आलेल्या आठही देशांना हीच थाप.”

“त्याला वाटलं, आठ देशांची माणसं आठ ठिकाणी उतरलीत.”

“उतरणार कुठे? हॉटेलातल्या सगळ्या खोल्या त्यानंच अडवलेल्या!”

“म्हणून तर सगळे माझ्या मावशीकडे, चटईला चटई लावून. दुपारी जेवून आडव्या झाल्यावर तुम्ही विचारलंत, ‘निम्म्या दरावर का आलात गं?’ मी ताडकन उठून बसले.”

“मग नाउरूवाला उठला, मग मार्शलवाला...”

“मावशी ओरडली, झोपू द्या की मेल्यांनो!”

“आणि संध्याकाळी आठ तोंडांतून एकच दर. तोही गेल्या वर्षीपेक्षा चढा!”

“बाई, या काट्यावर,” सिकेली म्हणाला. “पुढची बैठक तुमच्याकडे ना? हॉटेलं आहेत का तिथे?”

“आहेत की चांगली. सगळी त्यालाच देऊन टाकणार आहोत.”