ईदेचा शिरखुर्मा

त्या वर्षी ईद दिवाळीतच आली होती. आई गेल्यामुळे वैदेहीच्या घरी सण नव्हता. दुपारी रत्नागिरी स्टँडसमोरच्या हॉटेलात ती एकटीच चहा घेत होती. मागच्या टेबलावर दोघी मैत्रिणी येऊन बसल्या.

“चहाबरोबर हा डबा कसला, रझिया?”

“ईदेचा शिरखुर्मा. खा, मालिनी.”

“आईला जाऊन वर्ष नाही झालं. यंदा आम्हांला सण नाही गो.”

“तुला नसेल. सण माझा आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणून तर घरी नाही बोलावलं. घे चमचा.”

“…साखर कमी पडलीय.”

“तुझी आई दर ईदेला हेच सांगायची.”

“आणि वाटी पुसून खायची.”

“दुसरी मागायची, ते सांग की.”

दोघी खूप वेळ हसत राहिल्या.

वैदेहीची एसटी लागली होती. तिने आणखी एक चहा सांगितला.