चरबीची गोळी

मी मूळचा देवगडकडचा. परळला गिरणीत सायझिंग खात्यात होतो, म्हणजे सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ पाजायची आणि त्या खळीत चरबी घालायची, चरबी कमी पडली की सूत ताडकन तुटायचं आणि विणकर आमच्या आयांचा उद्धार करायचे. संपात गिरणी गेली, शहाणपण तेवढं राहिलं. काय सांगू तुम्हाला, तेही गेलं असतं तर बरं झालं असतं.

संपात घर चालवलं ते आमच्या हिनं, सुलभानं. लालबागला डबे करून द्यायची. मी नाक्यावर बसून आज गिरणी उघडेल, उद्या उघडेल करत राहिलो. पुढं कितीतरी वर्षांनी तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, ही गाठ चरबीवरही पोसत असावी, म्हणून केमोच्या जोडीला रक्तातली चरबी कमी करायची गोळी देऊन बघतोय, खात्री नाही, पण रोज द्या, आम्हाला नोंद ठेवायचीय. मी हो हो म्हटलं आणि हिच्याकडे बघितलं, तर नुसती हाडं. हिच्यात कसली आलीय चरबी, उलट पाजायला हवी, नायतर तुटेल. मग काय, बाईंच्या गोळ्या मोरीत आणि हिच्या हातावर साधी कॅल्शियमची गोळी, वर पेजेत चमचाभर तूप. ती म्हणायची, अहो, तूप नको, ओकारी येते. मी म्हणायचो, गप खा, सायझिंगचा माणूस आहे मी.

बाईंनी विचारलं, काकू, गोळी चुकत नाही ना? ही म्हणाली, ह्यांनी जन्मात एवढं एकच काम नेमानं केलंय. मी मान डोलावली.

सुलभा गेली. बाईंनी फायलीत लिहिलं, गोळी नियमित घेऊनही उपयोग नाही. मी समोरच होतो, रिकामी पाकिटं रबर लावून त्यांच्या टेबलावर ठेवत होतो. बाई म्हणाल्या, काका, घरचं माणूस असावं तर तुमच्यासारखं.

त्या गोळीनं ती जगली असती का, ठाऊक नाय. बाईंनाही ठाऊक नव्हतं, त्यासाठीच तर नोंद होती. फायलीत अजून तसंच लिहिलेलं असणार. मी दोनदा त्यांच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो, माझ्याच्यानं नाय झालं. हे छापलंत की आधी त्यांना नेऊन द्या, माझ्या नावासकट. शिव्या घालतील, घालू देत. देव तुमचं भलं करो.