नव्या वाणाचं वाण

मोजून झालं का सायेब? मग बसा आता हितं, वसरीला. मधमाशी रानाभाईर किती लांब गेली व्हती त्ये बघाय पुण्यासनं जीप घिऊन आला — आन् चा प्यायाला घरात याचं म्हणलं की लाजताय व्हय? घ्या. कापूस तर तुमीच दिला आमच्या रानात, चाचणीला म्हणून. बियातच कायतरी घातलंय, बोंडाला आळी लागत न्हाय — न्हाय लागली, खरं हाय त्ये. आन् कडंनं चारी अंगानं साधा कापूस लावाय लावला — का, तर माशीनं फुलातली भुकटी शेजारच्या रानात निऊ नये, तितंच फिरावं. माशीला सांगितलं का पर? न्हाय, इचारती आपली. आमचं दत्तोबा मालक, घरधनी आमचं, धा येळा सांगून बांध वलांडत्यात, ती तर माशी.

काय म्हणला? भाईर काय गेलंय का? कुठं जातंय — बोंडं तुमची माणसं पोत्यात भरून घिऊन गेली, पराट्या जाळल्या. आता संक्रांतीला सुगडात घालाय बोटभर कापूस लागतोय, तेवढा घेतला आसंल. असं काय बघताय? आवो, तुमीच म्हणत व्हता, नवं वाण हाय, नवं वाण हाय — आन् वाण काय घरात ठिवायचं असतंय? हळदीकुकू लावायचं नि सवाशिणीच्या वटीत घालायचं. म्हणलं, औंदा नव्या वाणाचंच वाण दिऊ. गल्लीत समद्यांना दिलं. सिंधुबाईनं तर त्यातली सरकी परसात टोचली बी, देवाच्या वातीला घरचा कापूस व्हईल म्हणून. तिचं नाव लिवू नका, घाबरंल ती.

मालकास्नी सांगितलं व्हतं, म्हणताय? आसंल की. जीपपाशी उभं राहून तुमी सांगितलं, त्यांनी मान हालवली, झालं. आन् कापूस येचतंय कोण सायेब? कमरंला वटी बांधून आमी बाया. आमाला कुणी सांगितलं? वारं बघितलं, माशी बघितली, बाई तेवढी बघायची ऱ्हायली तुमची.

सरकीचं काय? सरकी कोण फेकून देतंय व्हय. वाती वळताना निघाली मूठभर, ती भिजवून शेळीला घातली. मूठभर — आता पदर भरून आणला व्हता कापूस, खोटं कशाला बोलू. शेळीला दूध वाढाय पायजे ना. लेक बाळतीण हाय की घरात, आमची कौशी. तिला अंगावर दूधच न्हाय. पोरगं रडून रडून निळं व्हतंय, मग शेळीच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजतो.

चा का ठिवला खाली? गोड झालाय का जास्ती? — आळीला चालत न्हाय त्ये शेळीला चालतंय, आन् शेळीचं पोराला चालतंय, असंच आसंल ना? मला भ्या वाटाय लागलंय आता. तुमी शिकल्याली माणसं, व्हय तरी म्हणा, न्हाय तरी म्हणा. लिवू नका, सायेब. त्ये मागनं लिवा. आदी बोला.

कौशे, थांब गं. बोंडलं खाली ठिव — सायेब अजून इचार करत्यात.