तळाशी तांब्याभर पाणी

नाव: नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे, घरात 'मोठी' म्हणतात. वय: ४१ वर्षे. धंदा: शिवणकाम. राहणार: गॅरेजच्या इमारतीत तिसरा मजला, दोन खोल्या.

मी स्वतः ठाण्यात येऊन जबाब देते की, वरील ठिकाणी मी, माझा नवरा (गवंडी), धाकटा दीर (टेम्पोचालक) व जाऊ असे चौघे राहतो. नळ खाली, पिंप वर, मध्ये चोपन्न पायऱ्या. पूर्वी पाणी मीच मुकाट्याने भरत असे. गेल्या वर्षी कंबर धरल्यावर मी नकार दिला. तेव्हा जो पिंप संपवेल त्याने ते भरायचं, असं ठरलं. त्यानंतर पिंप कोणीच संपवलं नाही. जो तो तळाशी तांब्याभर पाणी ठेवून अंग काढून घेई. मीही तेच केलं. चौघेही हुशार, त्यामुळे घर कोरडं.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास दीर कामावरून घामाघूम होऊन आला. पिंपात डोकावून म्हणाला, "शेवटचं कोणी घेतलं?"

नवरा जेवत होता. तो म्हणाला, "संपलंय कुठे? आहे की त्यात."

"दादा, मला अक्कल शिकवू नकोस. ऊठ, बादली घे."

नवरा हसला. दिराने ताटाला लाथ मारली, नवऱ्याची मान धरून डोकं पिंपाच्या कडेवर तीनदा आपटलं आणि छातीवर बसून गळा दाबला. जाऊ ओरडली, "अहो, मरतील ते!" नवऱ्याचे डोळे पांढरे झाले होते.

मी शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करत होते. तीच उचलून दिराच्या कानशिलावर मारली. तो बाजूला पडला, नवरा सुटला. त्यानंतर मी आणखी दोनदा मारली. का, असं विचारल्यावरून सांगते की, मला राग आला होता. तो एकट्या दिराचा नव्हता, पण डोकं त्याचं समोर होतं.

दीर काल, गुरुवारी, इस्पितळात वारला. जाऊ माझ्याशी बोलत नाही.

नवऱ्याने बुधवारी इथे येऊन, भावाला आपणच मारलं, असं लिहून दिलं आहे. ते खोटं आहे. वीस वर्षांत माझ्या वाटचं काम त्याने एकदाही उचललं नाही. हे पहिलंच उचललं. ते मी त्याला करू देणार नाही. त्याला सोडा.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. सही माझी.