दगडूकाकाचं खरं नाव

कारकुनाशी भांडलो ती चूक माझीच होती, हे आधीच कबूल करतो. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या माझ्या काकाची नोंद मी संभाजीनगरच्या कचेरीत सहा महिने शोधत होतो. घरातले कागद वाळवीनं खाल्लेले. कारकून दर वेळी म्हणायचा, "सोयगावचा दगडू नावाचा जवानच नाही." एकदा मी टेबलावर हात आपटून निघून आलो.

शेवटी सोयगावला आत्याला विचारलं. आत्या म्हणजे दगडूकाकाची थोरली बहीण.

"दगडू कुठून सापडंल? भरतीत त्यानं दिगंबर लिव्हलं. दगडू म्हणलं की पोरं हसतील, म्हणला."

"आत्या, आधी सांगायचं ना!"

"तू इचारलं व्हय कधी?"

नोंद पाच मिनिटांत निघाली. कारकुनाची माफी मागितली, झेरॉक्स घेतली आणि आत्याला वाचून दाखवली. दिगंबर, राहणार सोयगाव, युद्धात वीरमरण.

तिनं कागदावरून हात फिरवला.

"त्याच्या आधीची दोन लेकरं गेलती. यमाची नजर पडू नाय म्हणून मायनं दगडू नाव ठिवलं व्हतं. दगडूच ऱ्हायला असता, तर तुला घावला नाय तसा यमालाबी घावला नसता."