वेल मातीत कुणी लावली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आरोग्य खात्याचे वरिष्ठ डॉक्टर, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या डास नियंत्रण विभागाच्या निरीक्षक बाई, त्यांचे यजमान, त्यांच्या हाताखाली तयार झालेली फवारणीची मंडळी, आणि समोर बसलेले आमच्या इमारतीतले शेजारीपाजारी, सर्वांना माझा नमस्कार.

रहिवाशांच्या वतीने चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. मी शिंपी माणूस, मापात बसवायची सवय आहे. पण आज कापड जरा जास्त लागणार, अध्यक्ष महोदय, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्याकडची पोरं बाईंना काय म्हणायची, सांगू का? ताटलीबाई! दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य ठरलेलं. "कुंडीखालची ताटली उचला." हसताय म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, बाई.

पहिल्यांदा आल्या तेव्हा इमारतीच्या बैठकीत त्यांनी एक चित्र दाखवलं. काळा डास, अंगावर पांढरे पट्टे. म्हणाल्या, हा इथला नव्हे. जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून, जहाजात बसून आलाय. दिवसाढवळ्या चावतो, गटाराचं पाणी त्याला चालत नाही, घरातलं स्वच्छ पाणी लागतं. आणि हा वस्तीत रुजला की मागोमाग डेंग्यू यायला वेळ लागत नाही. मी तोंडाळ, गप्प कसा बसेन? म्हटलं, "अहो बाई, पाहुणा आला तर आला. आम्ही काय त्याला वाढायला बसलोय?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाढताय तुम्हीच, काका. रोज, ताटलीत."

आमची ही तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. तिचं घर म्हणजे काय सांगू! जमिनीवर सांडलेलं उचलून खावं इतकं लख्ख. ती कमरेला पदर खोचून म्हणाली, "माझ्या घरात डास शोधून दाखवा." बाईंनी ताटल्या पाहिल्या, पिंप पाहिलं, काही सापडलं नाही. मग काय, आठवडाभर ती इमारतीत मिरवत होती.

पुढच्याच वर्षी उकाड्याच्या दिवसांत तिला ताप आला. दवाखान्यात ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईंची लहानगी त्याच तापाने त्याच वॉर्डात. मग एका सकाळी हिचा ताप उतरला. मला इतकं हायसं वाटलं की मी परिचारिकेलाही चहा आणून दिला. डॉक्टर मात्र म्हणाले, या तापात तो उतरल्यावरच जास्त जपायचं असतं. तेव्हा मला ते कळलं नाही. ही उशीला टेकून म्हणाली, "अहो, घरी जाऊन या ना. वेलीला पाणी घालायचं राहिलंय." म्हटलं, घालतो. त्या संध्याकाळपासून तिला रक्तस्राव सुरू झाला आणि ती काही घरी आली नाही. खालची लहानगी बरी झाली, देवाची कृपा.

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? कुणीतरी गुन्हेगार लागतो हो त्याला! इमारतीत अळ्या सापडल्या एवढं सगळ्यांना कळलं होतं. कुणाकडे, ते बाई सांगेनात. सूनबाईंच्या अंगणात पोरीला डुंबायचा टब होता. झालं, सगळ्यांनी तिकडे बोट दाखवलं आणि मीही दाखवलं. पोरीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकचं कापड घेऊन ती माझ्या दुकानात आली, तर मी मान वर न करता म्हटलं, "हातात काम आहे." ती तशीच परत गेली.

बाईंच्या तर मी हात धुऊन मागे लागलो. इथे, याच कचेरीत येऊन टेबलावर हात आपटला. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "काका, नाव विचारू नका. तो टब कोरडा होता, एवढं मात्र मी सांगते." माझा विश्वास बसला नाही. सूनबाईंना पाठीशी घालताय, म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. त्यानंतरही बाई आमच्याकडे येत राहिल्या. मी दारातच विचारायचो, "कुणाच्या घरात?" त्या म्हणायच्या, "ताटली उचला, काका."

गेल्या महिन्यात माझी मेहुणी परगावाहून आली. माझ्या गॅलरीत एक वेल आहे, ती कठड्यावरून पार शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत गेलीय. हिच्या हातची ती वेल. आधी स्वयंपाकघरातल्या खिडकीत हिरव्या बाटलीत असायची, नुसत्या पाण्यात. सगळं आटोपून मी घरी आलो तेव्हा ती गॅलरीत कुंडीत लावलेली दिसली आणि बाटली जागेवर नव्हती. हिच्या आजारपणात मेहुणी आली होती, तिनेच लावली असेल, असं धरून चाललो. डोकं ठिकाणावर कुठे होतं? तर बोलता बोलता तिला म्हटलं, "तू तेव्हा मातीत लावलीस म्हणून जगली बघ." ती म्हणाली, "मी? भावोजी, मी ताईजवळून हलले का तरी? डासवाल्या बाई तपासणीला आल्या होत्या, त्यांना तुमची किल्ली दिली होती."

मी उठून स्वयंपाकघरातल्या त्या खिडकीपाशी गेलो.

बाटलीतलं पाणी ही कधी बदलायची नाही. वरून भर घालायची. मुळांना त्रास होतो म्हणायची. पाणी कसं नितळ दिसायचं! ताटल्या आम्ही उचलल्या, पिंप घासलं, पण ती बाटली कुणाच्या डोक्यातच आली नाही. बाई, तुम्ही ती बाटली नेलीत. वेल फेकून दिली असती तर कुणी विचारलं असतं? तुम्ही ती लावलीत, आणि माझ्या शिव्या खाऊन गप्प राहिलात. मला वाटायचं, तुम्ही दुसऱ्या कुणाला वाचवताय.

आज तुमचा शेवटचा दिवस. आता मी तो प्रश्न विचारणार नाही. तुम्हीही काही बोलू नका, नुसत्या बसा. डोळे पुसा हवं तर. माझेही काही कोरडे नाहीत.

तुमच्यासाठी शाल आमच्या रहिवासी मंडळाने आणलीय, मी ही कुंडी आणलीय. त्याच वेलीची फांदी आहे. मातीत लावलीय आणि खाली ताटली ठेवलेली नाही.

तिसऱ्या रांगेत आमच्या सूनबाई बसल्यात, शेजारी ती पोर. बाळा, उंच झालीस गं. तुझ्या फ्रॉकचं कापड आईने ठेवलं असेल तर आता ते तुला पुरायचं नाही. मी नवं आणलंय. उद्या दुकानात ये, माप घ्यायचंय.

अध्यक्ष महोदय, वेळ जास्त घेतला, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा करा. आणि सूनबाई, आमच्या हिची चूकही पोटात घाल. तिला माहीत नव्हतं गं. माहीत असतं तर वॉर्डात तुझ्या लेकीची खाट समोरच होती, तिथेच येऊन तिनं तुझे पाय धरले असते. तिच्या वतीने मी हात जोडतो.