पेठ सोडलेला दादा, संप मोडलेला वॉल्टर

मी जन्मलो कोल्हापुरात. हसू नका, आमच्याकडं बायका बी मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, इतकी वर्षं अमेरिकेत काढली तरी ते काही सुटलं नाही, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पुण्याच्या काकू अजून टोकतात, शोभा, अगं आले म्हण, आले. मी म्हणतो, आलो तर आलो. तुम्ही लिहून घेताय ना, मग ते तसंच राहू द्या.

तर कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, तांबडा पांढरा आठवतो, पण आमच्या घरात लहानपणापासून एकच विषय, फुटबॉल. आमच्याकडं पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉलचा संघ असतो. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, पण पोरं सगळी मातीतनं उठून बॉलच्या मागं लागली. मॅच असली की पेठेत दुकानं अर्धी बंद, बाया पोरं डबे घेऊन स्टेडियममध्ये. माझे वडील, आबा, फाउंड्रीत कामाला होते आणि संध्याकाळी तालमीत, तिथल्या जुन्या जाणत्या माणसांपैकी एक. आणि माझा थोरला भाऊ बाळूदादा हा त्या संघाचा, काय सांगू तुम्हाला, हिरो. डावा पाय असा की बॉल त्याच्या बुटाला शिवलाय की काय वाटावं. मी शाळेत जाताना बायका म्हणायच्या, ही बाळूची बहीण. मला नाव नव्हतंच त्या पेठेत. मला त्याचं काही वाईट बी वाटत नव्हतं.

तालमीत आत गेलं की भिंतीवर फोटो, आधी पैलवानांचे, मग फुटबॉलवाल्यांचे. दादाचा फोटो लागला तेव्हा तो विशीत होता. आबांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

आता फुटबॉलनं पोट भरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. दादाचं लग्न झालं, वहिनीला दिवस गेले, आणि ह्याला कायमची नोकरी नाही, कधी कुणाच्या दुकानात, कधी कुणाच्या ट्रकवर. पलीकडच्या पेठेतला एक कर्ता माणूस एका बँकेत वजनदार होता. तो म्हणाला, आमच्या संघाकडनं खेळ, तुला बँकेत शिपाई म्हणून लावतो, पर्मनंट. आज हे ऐकून तुम्ही म्हणाल त्यात काय. पण आमच्याकडं पेठ बदलणं म्हणजे घर बदलण्यापेक्षा मोठं. दादानं आबांना सांगितलं, आबा एवढंच म्हणाले, तुझं तू बघ. त्यानं बघितलं. गेला.

आणि पहिलीच मॅच आमच्या पेठेशी. आणि गोल कुणी केला, तर ह्यानंच. मी गॅलरीत होतो, आमच्याच बायकांच्यात. गोल झाल्यावर पलीकडं आरडाओरडा, आणि आमच्या मागनं एक बाई म्हणाली, शोभे, ऊठ इथनं. मी उठलो. संध्याकाळी घरावर दगड आले, दोन कौलं फुटली. दुसऱ्या दिवशी तालमीच्या भिंतीवरचा फोटो काढला. कुणी काढला ते मला ठाऊक नाही, आबांनी काढला असं काही जण म्हणायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही. आबा दादाशी बोलायचे बंद झाले ते झालेच. एकाच घरात, एक बाहेर सोप्यात जेवायचा, एक आत. मधी आई ताटं फिरवायची. आबा गेले तेव्हा बी त्यांच्यात एक शब्द झालेला नव्हता.

दादाचं खेळणं नंतर फार टिकलं नाही. गुडघा गेला, तोच डावा. पायच गेला म्हटल्यावर नवी पेठ कशाला विचारतीय? बँकेतली नोकरी तेवढी राहिली, ती त्यानं नीट केली, पोरगा शिकवला, रिटायर झाला. पण स्टेडियममध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाजारात जाताना सुद्धा लांबच्या रस्त्यानं जायचा, तो आवाज कानावर येऊ नये म्हणून.

माझं लग्न सांगलीला झालं. आमचे मिस्टर औषध कंपनीत लॅबमध्ये, त्यांना इकडं नॉर्थ कॅरोलायनात जॉब लागला म्हणून आलो. आम्ही कॅरी शहराच्या पलीकडं एका छोट्या गावात घर घेतलं, तिथं स्वस्त पडलं. पोरगी निशा इथंच झाली. ती जरा मोठी झाल्यावर मी गावच्या पार्क्स डिपार्टमेंटमध्ये फ्रंट डेस्कला लागलो. काम काय, तर मैदानं बुक करायची, फोन घ्यायचे, पाऊस पडला की मॅच कॅन्सल केली म्हणून सगळ्यांना कळवायचं. इंग्लिश माझं तसलंच होतं, पण मैदानावरची माणसं आणि त्यांची भांडणं मला कळत होती, ती सगळीकडं सारखीच. बेसबॉल मी तिथंच खिडकीतनं बघून शिकलो.

तिथं वॉल्टर यायचा. साठीच्या पुढचा, उंच, थोडा वाकलेला. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या टीमला फुकट शिकवायचा. मला मिस शोभा म्हणायचा. मला कळायला दोन तीन वर्षं गेली की हा माणूस एके काळी मोठ्या लीगमध्ये पिचर होता. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. आमच्या एवढ्याशा गावातनं तिथपर्यंत पोचलेले दोघंच, हा वॉल्टर आणि डेल. डेल कॅचर, म्हणजे ह्यानं टाकलेला बॉल झेलणारा. एकाच शाळेतले, एकाच टीममधले. डेलचं आता टायरचं दुकान आहे, आम्ही गाडी तिथंच नेतो.

आमचं ऑफिस ज्या कम्युनिटी सेंटरमध्ये होतं, त्याच्या पॅसेजमध्ये गावच्या जुन्या खेळाडूंचे फोटो आहेत. एक बोर्ड आहे नऊ जणांचं, ते वर्षातनं एकदा मतदान करतं, सात मतं पडली तर त्या खेळाडूचा फोटो लागतो, जेवण असतं, भाषण असतं. डेलचा फोटो कधीच लागलाय. वॉल्टरचं नाव दरवर्षी यायचं आणि दरवर्षी पडायचं. मी रिटायर झालो तेव्हा आमची डायरेक्टर म्हणाली, शोभा, बोर्डावर एक जागा रिकामी आहे, तू ये, तुझं इथं कुणी नातेवाईक नाही, तुला कुणी म्हणणार नाही की आपल्या माणसाला मत दिलं. मी म्हटलं बरं.

पहिल्याच मीटिंगला वॉल्टरचं नाव निघालं आणि डेल, तो बी बोर्डावर, म्हणाला, नो. एक शब्द बोलला, स्कॅब. घरी येऊन मी निशाला विचारलं, अगं स्कॅब म्हणजे खपली ना, जखमेवरची? ती म्हणाली, आई, नॉट दॅट वन. संप चालू असताना जो कामावर जातो ना, त्याला म्हणतात.

मग हळूहळू कळलं. खूप वर्षांपूर्वी बेसबॉलच्या खेळाडूंनी संप केला होता, आणि मालकांनी त्यांच्या जागी दुसरी माणसं आणायची ठरवली. वॉल्टरला तेव्हा त्याच्या टीमनं सोडून दिलेलं, तो गोदामात सामान उचलत होता, बायको आजारी. त्याला फोन आला, तो गेला. काही आठवडे सरावाचे सामने खेळला, तेवढ्यात संप मिटला आणि ह्या सगळ्यांना घरी पाठवलं. हा ना इकडचा ना तिकडचा. पुन्हा कुणी घेतलं नाही. आणि डेल संपात होता. त्याचं वय झालं होतं, खांदा दुखत होता, एखादंच वर्ष उरलं असेल खेळायचं. ते वर्ष संपात गेलं. संप मिटल्यावर त्याला कुणी बोलावलंच नाही.

मला हे ऐकून झोप लागली नाही असं काही म्हणत नाही मी, झोप लागली. पण दादा सारखा डोळ्यापुढं येत होता.

मतदानाच्या आधी मी गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. डेलनं कॉफी दिली. मी त्याला दादाचं सगळं सांगितलं, पेठ, बँक, कौलं, फोटो, आबा. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, शोभा, वॉल्टरसारखा पिचर ह्या गावात झाला नाही, मी त्याचे बॉल झेललेत, हे मी कुणालाही सांगीन. पण तुझा भाऊ एका टीममधनं दुसऱ्या टीममध्ये गेला. हा आम्ही सगळे दाराबाहेर उभे असताना आत गेला. ते वेगळं.

मी विचार केला. म्हटलं, होय, वेगळं आहे. मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, डेल, तरी मी त्याला मत देणार आहे. तो म्हणाला, दे की. आणि टायरचे पैसे नेहमीपेक्षा कमी बी घेतले नाहीत आणि जास्त बी नाहीत.

मतदान झालं. वॉल्टरला सहा मतं. एक कमी.

ज्यांचं नाव पडतं त्यांना फोन करून सांगावं लागतं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझा आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा. मी फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, तोवर तोच म्हणाला, मिस शोभा, नाही झालं ना. मी म्हटलं, नाही, एकानं राहिलं. तो म्हणाला, अच्छा, मग जवळ आलो की. आणि लगेच, शनिवारी तीन नंबरचं मैदान कुणाला दिलंय, तिथं पाणी साचतं, आमच्या मुलींना तिकडं नको टाकायला सांगा. मी म्हटलं, वॉल्टर, मी रिटायर झालो. मी म्हणजे इंग्लिशमध्येच म्हटलं, तिथं झालो आणि झाले सारखंच. तो हसला. मग मी विचारलंच, तू रोज त्या फोटोंच्या समोरनं जातोस, तुला काही वाटत नाही? तो म्हणाला, डेलला राग यायचा हक्क आहे, त्याचं शेवटचं वर्ष गेलं. मी बरोबर केलं का चूक, ते माझं मला अजून ठरत नाही. पण मला खेळ आवडतो, मग मैदान सोडून जाऊ कुठं?

रविवारी दादाचा फोन असतो. मी त्याला हे सगळं सांगितलं. तर म्हणाला, तो वॉल्टर रोज जातो मैदानावर? म्हटलं, रोज. लोक काय म्हणतात त्याला? म्हटलं, काही म्हणत नाहीत, ज्यांना मत द्यायचं नसतं ते बी गुड मॉर्निंग म्हणतात. दादा म्हणाला, हां. आणि वहिनीकडं फोन दिला.

जानेवारीत मी कोल्हापूरला गेलो. चौथ्या पाचव्या दिवशी दुपारी जेवण झालं आणि दादानं इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. म्हटलं, कुठं? तर म्हणाला, चल की, मॅच हाय. वहिनीनं तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

गेटपाशी तो थांबला. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं आता परत फिरतोय. आत गर्दीचा आवाज वाढला, काहीतरी झालं असणार, आणि हा पटकन म्हणाला, कॉर्नर मिळाला वाटतं, आणि आत. आम्ही आमच्या पेठेच्या बाजूला बसलो नाही, पलीकडच्या बी नाही, मधीच एका कोपऱ्यात. पोरं सगळी नवी, कुणाला हा कोण ते ठाऊक नाही. हाफटाइमला वरच्या पायरीवरनं आवाज आला, बाळ्या. बघितलं तर अण्णा, आमच्या गल्लीतला, दादाबरोबर बॅकला खेळायचा. दगड पडले त्या संध्याकाळी घरापुढच्या घोळक्यात हा होता, मी स्वतः बघितलेला. अण्णा हळूहळू पायऱ्या उतरून आला, दादाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, पाय कसा हाय? दादा म्हणाला, जिना चढताना दुखतोय. अण्णा म्हणाला, माझी कंबर गेली.

बस, एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मॅच परत सुरू झाली आणि दोघं मिळून रेफरीला शिव्या द्यायला लागले. मी दाणे विकत घेतले आणि तिघांनी खाल्ले.

फोटो लागला का, असं तुम्ही विचारणार. नाही लागला. मी विचारायला जाणार होतो तालमीत, दादाच नको म्हणाला. म्हणाला, आबा असते तर गोष्ट वेगळी होती.

इकडं ह्या वर्षी पुन्हा मतदान आहे. वॉल्टरचं नाव आहे. मी होय म्हणणार, डेल नाही म्हणणार, आणि मला त्याचा राग येत नाही. टायर आम्ही त्याच्याकडनंच घेतो. माझे गुडघे बी आता कुरकुरतात, निशा म्हणते, आई, बोर्ड सोड, रेस्ट कर. करीन की, घाई काय आहे. देवानं सगळं बरं केलं, ज्याचं त्याला पोचलं, जे राहिलं ते राहिलं.

सीझन असला की दादा आता स्टेडियममधनंच फोन करतो. त्यांची दुपार, म्हणजे आमची सकाळ, मिस्टर चहा करत असतात. तो काहीतरी मोठ्यानं सांगत असतो, पण मागं एवढा गोंगाट असतो की मला एक शब्द ऐकू येत नाही. मी मधी बोलत नाही. फोन कानाला लावून नुसता बसून राहतो.